पत्र्याच्या फटीतला फोन

दुसऱ्यांनी केलेल्या वस्तूत खोट काढणं हा माझा व्यवसाय आहे. पुण्यातल्या एका लहानशा कंपनीत मी संगणकावरच्या आणि फोनवरच्या प्रणाली तपासते. बनवणारे सांगतात तशी वस्तू खरोखर चालते का, हे बघायचं आणि लिहून द्यायचं. आई म्हणते, हा गुण तुझ्यात पहिल्यापासून होता, आता त्याचा पगार मिळतो एवढंच.

मार्चमध्ये भूकंपाचा इशारा देणारं एक अ‍ॅप आमच्याकडं तपासायला आलं. युक्ती साधी होती. नुसत्या ठेवलेल्या फोनलाही जमिनीचा हादरा कळतो. गावातल्या बऱ्याच फोनांना तो एकदम कळला, की सगळ्यांच्या फोनवर भोंगा वाजतो आणि ‘घराबाहेर पडा’ असं एक बाई सांगू लागते. चाचणीसाठी लोहारा तालुक्यातली काही गावं निवडली होती. त्यात माकणीजवळचं आमचं गावही निघालं, तेव्हा साहेबांनी मोठ्या कौतुकानं मलाच पाठवलं. जणू माहेरपणच देत होते.

त्र्याण्णव सालापासून आमच्या गावात भूकंप हा शब्द सहसा कुणी उच्चारत नाही. ‘त्या वक्ताला’ म्हणतात, ऐकणाऱ्याला कळतं. त्या वक्ताला माझ्या काकू मुलाला काखेत मारून बाहेर आल्या. धाकट्या लेकीला आणायला वळल्या तोवर घराचं मातीचं माळवद खाली आलं होतं. पुढं नव्या जागी सिमेंटची पक्की घरं मिळाली. लोकांनी त्यात धान्याची पोती ठेवली, आणि समोर पत्र्याचं शेड मारून स्वतः शेडमध्ये झोपू लागले. पत्रा अंगावर पडला तरी माणूस वाचतं, असा सरळ विचार. वर्षं गेली तसे बाकीचे आत गेले. काकू गेल्या नाहीत.

गेल्या उन्हाळ्यात मात्र त्या भर दुपारी पत्र्याखाली चक्कर येऊन पडल्या. डॉक्टरांनी बजावलं, उन्हाळ्यात या पत्र्याखाली दुपारचं निजायचं नाही, पुन्हा असं झालं तर जिवावर बेतेल. तेव्हापासून चुलतभाऊ त्यांच्या मागं लागला होता. आधी त्यांनी उंबऱ्याबाहेर वाकळ टाकली. मग उंबऱ्याच्या आत, दार उघडं ठेवून. मी पोचले तेव्हा काकू दुपारच्या चक्क मधल्या खोलीत पंख्याखाली झोपत होत्या. भावानं मला दारातूनच दाखवलं, लोक नवा ट्रॅक्टर दाखवतात तसं.

“बघ, आत निजली. हळू बोल.”

असल्या कामात आम्हाला भीती असते ती ‘लांडगा आला रे आला’ची. खोटे इशारे फार झाले, तर लोक कंटाळतील आणि खऱ्या वेळी जागचे हलणार नाहीत. माझ्याकडच्या सगळ्या प्रश्नावल्या याच भीतीवर बेतलेल्या होत्या. आमच्या गावात असा कंटाळा कुणाला येईल, हे मलाच पटत नव्हतं. पण विचारायचं म्हणून मी घरोघर विचारत होते. लोक चहा पाजत होते.

एका दुपारी जेवणं झाल्यावर मी शेडमध्ये लॅपटॉप उघडून बसले होते. गाळप संपत आलेलं, त्यामुळं रस्त्यानं उसाची घाई चाललेली. दोन-दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टरांची रांग गेली आणि पत्रा थडथडू लागला. त्याची सगळ्यांना सवय आहे. पण पाठोपाठ भोंगा वाजला, आणि तो आमच्या एका घरात नाही, अख्ख्या गल्लीत.

काकू बाहेर आल्या. पायात काही नाही, पदर कुठंच्या कुठं. दोन्ही हातांनी त्यांनी उशी छातीशी धरली होती. रस्त्याच्या मध्यावर येऊन त्या थांबल्या आणि मग आपल्या हातात काय आहे ते त्यांनी पाहिलं. भाऊ जवळ गेला, त्यानं ती उशी हळूच काढून घेतली.

“ट्रॅक्टर व्हता माय. काय न्हाय झालं. ट्रॅक्टर व्हता.”

मला रडू आलं, आणि त्याहून जास्त राग आला.

कारण लगेच सापडलं. आमच्या गल्लीत रेंज येते ती फक्त शेडचा पत्रा आणि लाकडी खांब यांच्यामधल्या फटीत. म्हणून झाडून सगळ्यांचे फोन त्या फटीतच खोचलेले असतात. पत्रा हलला की फोन हलणार, आणि ट्रॅक्टर गेला की गल्लीतले सगळे पत्रे एकदम हलणार. बनवणाऱ्यांनी फोन टेबलावर असतो असं धरलं होतं. त्यांना कळवलं, तर ते म्हणाले, लोकांनी फोन नीट ठेवायला हवा. नाचता येईना, अंगण वाकडं.

साहेबांनी फोनवर वेगळंच विचारलं. “लोक बाहेर पडले का?”

“पडले.”

“लगेच?”

“लगेच.”

“मग इशारा पोचतोय. ते यशात धर.”

संध्याकाळी काकू सुपात डाळ घेऊन निवडत बसल्या होत्या. वर न बघता त्यांनी विचारलं, “म्या पळाले, ते कशात धरलं गं तुमच्या लोकांनी?”

“घराबाहेर पडलेल्यांत.”

“म्हंजी चांगलं का वंगाळ?”

“त्यांच्या लेखी चांगलं, काकू.”

त्यांनी एक खडा वेचून बाजूला टाकला. त्या दिवशी त्यांची वाकळ शेडमध्ये परत आली.

साहेबांशी भांडून मी तो इशारा यशातून काढायला लावला. बनवणाऱ्यांनीही पुढं ऐकलं. गल्लीत दुसऱ्या कंपनीची सिमकार्डं दिली, तेव्हा रेंज घरात यायला लागली. फोन आत, भिंतीतल्या फळीवर ठेवायचे ठरले. मे महिन्यात मी पुन्हा तपासायला गेले. आता ट्रॅक्टर गेला, बैलगाडी गेली, लग्नाची वरात वाजत गेली, तरी भोंगा गप्प. वस्तू चांगली झाली होती. असं मी सहजी म्हणत नाही.

काकू पत्र्याखाली बसल्या होत्या, डोक्यावर ओला पंचा. मी त्यांच्याजवळ बसले.

“काकू, आता ते खोटं वाजत नाही. मी स्वतः तपासलंय. आत चला.”

“तपासलंस न्हवं? लई चांगलं केलंस.” त्यांनी पंचा उलटा करून पुन्हा डोक्यावर ठेवला. “मग त्याला निजू दे आत. म्या हाय इथंच.”

आत फळीवर फोन होता, खाली घडी घातलेला रुमाल. पंखा चालू होता.