मिलिंदने ऐकवलेलं डर्बन

रविवारी सकाळी ग्रुपवर मिलिंदच्या नावाने मेसेज आला, तेव्हा मी पोळ्या करत होते. रविवारी त्याचं गाणं यायचंच. हात पुसून सवयीने हेडफोन घातले आणि मग फोन उघडला. गाणं नव्हतं. ‘मी सुजाता, मिलिंदची बायको. मिलिंद शुक्रवारी इन्स्टिट्यूटच्या जिन्यात कोसळला. हार्ट अटॅक. तो गेला. तुमच्यापैकी कुणाचा नंबर माझ्याकडे नाही, म्हणून इथेच लिहितेय.’ तव्यावरची पोळी करपल्याचा वास येत होता, तरी मी तशीच उभी... कानांत हेडफोन, आणि त्यांत काहीच वाजत नव्हतं. चाळिशीही गाठली नव्हती त्याने.

मी वोल्फ्सबुर्गला इंजिनिअर. रविवारी इथे दुकानं बंद, रस्ते रिकामे. जर्मनीतल्या मराठी मंडळींच्या एका ऑनलाइन ग्रुपवर मी एकदा लिहिलं होतं, ‘रविवार अंगावर येतो, काहीतरी ऐकायला सुचवा.’ कुणी नाट्यगीतं सुचवली, कुणी भावगीतं. आखनला संशोधन करणाऱ्या या अनोळखी माणसाने मात्र एक झुलू गाणं पाठवलं. जर्मनीत येण्याआधी तो दक्षिण आफ्रिकेत, डर्बनला नोकरीला होता. आठ-दहा पुरुष, वाद्य एकही नाही, नुसत्या आवाजांवर उभं राहिलेलं गाणं. मी लिहिलं, “अरे, पण शब्द कळत नाहीत.” त्याचं उत्तर आलं, “गेनाऊ, अगदी बरोबर! न कळता काय होतं, ते सांग.”

ते सांगता सांगता चार वर्षं गेली. आम्ही पाच-सहा जणांनी वेगळा ग्रुप केला. तो तिकडचे सिनेमे सुचवायचा. आम्ही आपापल्या घरी ते एकाच वेळी लावायचो आणि शेवटावरून भांडायचो. तिकडची मुलं तारेच्या गाड्या बनवतात म्हणून यानेही हँगर वाकवून एक बनवली आणि फोटो पाठवून विचारलं, “इंजिनिअरबाई, स्टिअरिंग जमलंय का?” जमलं नव्हतं. माझा घटस्फोट चालू होता, त्या हिवाळ्यात त्याने एकदाही ‘कशी आहेस’ विचारलं नाही. पण त्या महिन्यांत गाणं रविवारची वाट न बघता रोज येत होतं. “उन्हाळ्यात आखनला ये, डर्बनसारखं कोळशावर मटण भाजू,” असं तो दर वर्षी म्हणायचा. मी दर वर्षी “नक्की” म्हणायचे.

गेले ती मार्चमध्ये, त्याच्या अंत्यविधीला. मी मिलिंदला समोरासमोर पाहिलं ते पहिल्यांदा, पेटीत. व्हिडिओवर तो नेहमी बसलेला असायचा. तो इतका उंच असेल हे मला माहीतच नव्हतं. त्रिशरण सुरू झालं, तरी मी त्याच्या पायांकडेच बघत होते.

नंतर सुजाता मला घरी घेऊन गेली. चार वर्षांची रमा आतल्या खोलीत चित्रं काढत होती. “बाबा कामाला गेलाय असंच तिला वाटतंय,” सुजाता हळू आवाजात म्हणाली, “सांगितलंय मी. पण...” ती मला मिलिंदच्या खोलीत घेऊन आली. टेबलाखाली काळे गमबूट होते. त्यांच्यावर तारेत ओवलेली बाटल्यांची झाकणं बांधलेली. मी विचारलं, “हे कशाला?”

“नाचायचा. तिकडे खाणीतले कामगार बुटांवर थापा मारत नाचतात ना, तसं. डर्बनला शिकला होता. तुम्हाला गाणं पाठवण्याआधी रमाला घेऊन त्याच्यावर नाचून बघायचा. तुम्हाला कधी बोलला नाही?”

“नाही,” मी म्हटलं. मी वाकून एक बूट उचलला. झाकणं खणखणली.

आतल्या खोलीत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला आणि धावत येणारी छोटी पावलं. हातात खडू तसाच धरून रमा दारात आली. “बाबा?”

तिने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या बुटाकडे, मग माझ्या मागे. सुजाताने माझ्या हातातून बूट घेतला, झाकणं मुठीत घट्ट दाबून धरली आणि आवाज न होऊ देता तो खाली ठेवला.