कुंकू लावलेले इंजेक्टर

त्या चार इंजेक्टरांचा तपास मी अजून विसरलेलो नाही. नव्वदच्या दशकात मी जळगावला फौजदार होतो. केळीच्या एका व्यापाऱ्याला गाड्यांच्या शर्यतीचं भारी वेड. इंजिनात पेट्रोल फवारणारे चार इंजेक्टर त्याने परदेशातून मागवले होते. गाडीला बसवण्याआधीच ते मेहरूणच्या गॅरेजातून नाहीसे झाले. किल्ली असोद्याच्या मेकॅनिककडे असायची, म्हणून व्यापाऱ्याने बेधडक त्याच्यावर संशय घेतला. आम्ही त्याला गावातून चारचौघांदेखत जीपमध्ये घालून आणलं. पाठोपाठ त्याचे वडील, आबा, येऊन ठाण्याबाहेर बसले. आता गावात तोंड कसं दाखवायचं, एवढंच ते विचारत होते.

मेकॅनिकचं उत्तर एकच होतं, चोरी केली नाही. खोटं बोलणारा दर वेळी काहीतरी नवीन जोडतो. हा जोडत नव्हता.

तेवढ्यात खबऱ्याने निरोप दिला, धुळ्यात एकजण न वापरलेले इंजेक्टर विकायला फिरतोय. तिथल्या ठाण्याला कळवून, पंच घेऊन मी साध्या वेशात गिऱ्हाईक म्हणून गेलो. विकणारा म्हणाला, माल थेट मुंबईचा आहे, खोकंसुद्धा उघडलेलं नाही. मी खोकं उघडलं. चारही इंजेक्टरांवर हळदकुंकू होतं.

ओळख सांगून मी विचारलं, "मुंबईचे दुकानदार पूजा करून माल विकतात का?"

त्याचा चेहरा पडला. तो व्यापाऱ्याचा सख्खा मेहुणा, शिंदखेड्याचा. दसऱ्याला बहिणीच्या घरी गाडीची आणि या इंजेक्टरांची पूजा झाली, तेव्हा तो हजर होता. नंतर बहिणीच्या घरातली दुसरी किल्ली घेऊन तो गॅरेजात गेला आणि त्याने ते उचलले. मग कुंकू पुसलं का नाही, असं मी विचारलं.

"साहेब, पूजानं कुंकू शे. कसं पुसू?"

चोरी चालली, पूजेचं कुंकू पुसणं मात्र चाललं नाही! पंचांनाही हसू आवरेना.

मुद्देमाल जप्त झाला. व्यापारी धावत आला, घरातलं प्रकरण आहे, मिटवा म्हणाला. मला संताप आला. दुसऱ्याच्या मुलाला ठाण्यातल्या बाकावर बसवताना घर आठवलं नव्हतं का, असं सुनावून मी मेहुण्यावर रीतसर कारवाई केली आणि व्यापाऱ्याला सगळ्यांसमोर मेकॅनिकची माफी मागायला लावली.

आरोपी सापडला की तपास कागदावर संपतो. ज्याच्यावर नाहक आळ आला, त्याचं काम बाकीच असतं, हे मी तिथे शिकलो. म्हणून बापलेकांना जीपमध्ये पुढे बसवून भर दुपारी असोद्याला नेलं. चौक आला तसे आबा ताठ बसले आणि ड्रायव्हरला म्हणाले, "भाऊ, जरा हॉर्न वाजवा."