आवतन न दिलेली भुईआवळी

गौरी-गणपती उठून चार दिवस झाले होते. धाराशिवच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी मुलींना पानाचा छेद कसा घ्यायचा ते दाखवत होते आणि दत्तूचा फोन आला. दत्तू माझा आतेभाऊ, धाराशिव जिल्ह्यातल्याच वाशीजवळच्या खेड्यात शेती करतो. फोनवर एका वाक्यात कधी थांबायचा नाही, त्या दिवशी थांबला. "अक्का, आई गेली." मी म्हणाले, "बरं." बरं! सख्ख्या आत्याच्या मरणावर माणूस बरं म्हणतं का? पण तोंडातून तेच गेलं.

शेवंताआत्या काविळीचं औषध द्यायच्या. वाशीतून, तेरखेड्यातून, पार धाराशिवातून माणसं यायची. पिवळे डोळे घेऊन कुणी दारात उभं राहिलं की आत्या आधी दटावायच्या, "डॉक्टरला दावलं का? रगत तपासलं का? ते करा, मंग या." औषध म्हणजे भुईआवळी. वीतभर झाड, पानांच्या खाली ओळीनं मोहरीएवढे आवळे. मुळासकट वाटून ताकात द्यायची, तीन सकाळी, उपाशीपोटी. जुन्या वैद्यकग्रंथांत ती भूम्यामलकी म्हणून येते. काविळीवर, खोकल्यावर, तापावर सांगितलेली. पदवीच्या पहिल्या वर्षी हे वाचलं आणि मोठा शोध लागल्यासारखी मी आत्यांना सांगायला गेले. "पुस्तकात हाय व्हय?" त्या म्हणाल्या, "बरं झालं बाई. पर त्यांला कुणी सांगितलं आसंल?" आत्यांना त्यांच्या सासूनं सांगितलं होतं, सासूला तिच्या सासूनं. त्यापलीकडचं कुणालाच ठाऊक नव्हतं.

पण नुसती उपटून आणायची नाही. आदल्या सांजेला जाऊन झाडाला आवतन द्यायचं, जेवायला बोलावतो तसं. हळदीकुंकवाची चिमूट, ज्वारीचे पाच दाणे, आणि "उद्या सकाळी न्यायला येते गं बाई." तेवढ्यात दिवस कलायचा आणि भुईआवळीची पानं मिटायची. आत्यांचा चेहरा खुलायचा. "हो म्हणली बघ!" मी तेव्हा नवी नवी शिकलेली, अंगात शहाणपण मावत नव्हतं. म्हणाले, "आत्या, उजेड कमी झाला की ती मिटतेच. तुम्ही जा नाही तर नका जाऊ. ती सगळ्यांसाठीच मिटते." आत्या पदरानं हात पुसत म्हणाल्या, "मंग काय झालं? सगळ्यांलाच हो म्हणती. माणसं कुठं म्हणत्यात?"

पुढं रानात सगळीकडं सोयाबीन आलं, तणनाशकाचा फवारा आला आणि बांधावरची भुईआवळी गेली. फवारायचा दत्तूच. आत्या त्याला बोलल्या नाहीत, खुरपायला माणूस मिळत नाही हे त्यांनाही दिसत होतं. राहिली ती फक्त घरामागच्या मोरीपाशी, सांडपाण्याच्या ओलीवर.

यंदा श्रावणात आत्यांचेच डोळे पिवळे झाले. धाराशिवला दवाखान्यात आणलं. पित्ताच्या नळीत गाठ होती. डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं आणि सांगितलं की आता फार काही हातात नाही. झाडपाल्याचं विचारलं, तर म्हणाले, "त्यानं गाठ जाणार नाही. मनाला बरं वाटत असेल तर दोन घोट द्या." आत्यांनी माझा हात धरला. "सोताच्या हातचा गुन सोताला येत न्हाय. तू जा. सांजच्याला आवतन दे, सकाळी घिऊन ये." म्हणजे गावी जायचं, मुक्काम करायचा. आणि माझ्या वर्गातल्या मुलींची दुसऱ्या दिवशी प्रात्यक्षिक परीक्षा! परीक्षा दुसऱ्या कुणाला सांगता आली असती. नाही सांगितली. सकाळी कॉलेजच्या मागच्या मैदानातून एक झाड उपटलं, पिशवीत घातलं आणि दवाखान्यात नेलं.

"आवतन दिलतंस न्हवं?" आत्यांनी विचारलं.

"व्हय आत्या."

"पानं मिटली?"

"मिटली की, लगेच."

आत्यांनी झाड कपाळाला लावलं. मग मुळाची माती दोन बोटांत चुरली. तांबडा मुरूम होता तो. बोटांकडं बघितलं… आणि हळूच म्हणाल्या, "आपल्या मोरीची माती काळी हाय गं."

वनस्पतिशास्त्र शिकवणारी मी, मातीचा रंग विसरले होते. "आसू दे," आत्या म्हणाल्या, "तुला येळ गावला नसंल." आणि मी ते झाड वाटून आणल्यावर दोन घोट त्यांनी माझ्याकडं बघत घेतले. ते औषध त्यांनी माझ्यासाठी घेतलं, एवढं मला कळलं. पुढच्या आठवड्यात दत्तूनं त्यांना घरी नेलं.

मला माहीत आहे, आवतनानं गाठ विरघळली नसती. शंभर वेळा स्वतःला सांगून झालं. पण शेवटचं एक काम सांगितलं होतं त्यांनी, आणि ते मी केलं नाही. आता कुणाची माफी मागू? दत्तूला सांगितलं तर म्हणाला, "अक्का, तुमी कशाला जीवाला लावून घेता?" त्याचंही बरोबरच आहे.

दसरा झाल्यावर परवा गावी गेले. कोनाड्यात आत्यांची पत्र्याची डबी तशीच होती, हळदकुंकू आणि तळाला ज्वारीचे दाणे. सांजेला डबी घेऊन मोरीपाशी गेले. पाच दाणे ठेवले, चिमूट वाहिली. "उद्या सकाळी न्यायला येते गं बाई," म्हणाले. लाज वाटली नाही. थोड्या वेळानं पानं मिटली. रोजच मिटतात, मीच शिकवते.

सकाळी गेले. पानं उघडली होती. मुळापाशी हात घातला, काळी माती बोटांना लागली… आणि मग सुचेना, की हिला न्यायची कुणाकडं.