पोटऱ्यांचा दीड इंच

घरच्या घरी व्यायाम करून पाय बारीक होतात का, असं कॉलनीतल्या पोरी मला विचारतात. मी हा उद्योग केलेला आहे, म्हणून सांगते.

तेव्हा मी बत्तीस वर्षांची होते. नवरा फौजेत, पोस्टिंग झाशीला. धाकट्या दिराचं लग्न ठरलं आणि जावा-नणंदांनी रिसेप्शनला मोरपंखी चुडीदार घालायचे ठरवले. नणंदेनं साताऱ्याहून कापड पाठवलं, सोबत चिठ्ठी: "वहिनी, तुमच्या पोटऱ्यांना पुरावं म्हणून अर्धा मीटर जास्त घेतलंय."

झालं. दीड महिना हातात होता. पोटऱ्या दीड इंच उतरवायच्या आणि तो अर्धा मीटर घडी न मोडता तिच्या हातात ठेवायचा, असं मी ठरवलं.

नवऱ्याला विचारलं, तर तो दाढी करता करता म्हणाला, "पोटऱ्यांचा व्यायाम ना? टाचा उचल. दोनशे. आमचे जवान तेच करतात." मी ओट्याला धरून दोनशे टाचा उचलायची. वर पन्नास उठाबशा, शंभर उड्या. चौथ्या दिवशी खालच्या मजल्यावरची शेजारीण वर आली. "भाभीजी, सबेरे-सबेरे ऊपर कौन-सी चक्की लगवा ली?"

दर रविवारी मी शिवणाच्या डब्यातल्या फितीनं माप घ्यायची. पहिल्या रविवारी पाव इंच कमी, तिसऱ्या रविवारी पाऊण. पाचव्या रविवारी दीड! मी माप कागदावर लिहिलं, कापड उचललं आणि ऑटो करून सदर बाजारात नेहमीच्या शिंप्याकडे गेले.

मास्टरजींनी कागद बाजूला सारला. "बहनजी, चिट्ठी से चूड़ीदार नहीं कटता. पैर आगे कीजिए." माप घेतलं, जुनी वही काढली, बोट फिरवलं. "पिछली बार से आधा इंच ज़्यादा है."

"ज़्यादा? कम होना चाहिए!"

"कसरत करती हैं क्या?"

"रोज़. दो सौ बार एड़ी उठाती हूँ."

"तो फिर? पहलवान की पिंडली कसरत से घटती है या बनती है?" मग त्यांनी कापड उलगडलं. "अच्छा है, ज़्यादा लाई हैं. पूरा लगेगा."

घरी येऊन फीत नवऱ्याच्या पोलादी पट्टीला लावली. चांगली ताणलेली होती. चौकशी केल्यावर कळलं, लेकीनं महिनाभर त्या फितीचा बाहुलीसाठी झोपाळा केला होता आणि बाहुलीसोबत पाट्यावरचा वरवंटाही झोके घेत होता.

पाय काही बारीक झाले नाहीत. मात्र चुडीदाराची नाडी कमरेला चार बोटं आत ओढावी लागली. शरीर उतरायला लागलं की कुठून उतरायचं ते आपल्याला विचारत नाही.

रिसेप्शनला कुडता गुडघ्याखाली आला होता, पोटऱ्या झाकलेल्याच. नणंदेची नजर कमरेवरच अडकली. "अगंबाई, वहिनी! कसल्या बारीक झालात! काय केलंत?"

अर्ध्या मीटरचा विषय तिनं काढला नाही, मीही काढला नाही.

"टाचा उचलल्या," मी म्हटलं. "रोज दोनशे."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती ओट्याला धरून उभी होती. मी शेजारी चहा पीत एकेक मोजून दिली. तिनं दीडशेला थांबायचं म्हटलं, पण मी थांबू दिलं नाही.