सौंसरच्या पंगतीतलं सोललेलं संत्रं

माईक हातात आला की मला आवरणं कठीण, हे सौंसरच्या वासुदेवला तीस वर्षांच्या मैत्रीत कळलेलं आहे. मुलाच्या लग्नानंतरच्या जेवणाचं आमंत्रण देतानाच त्यानं अट घातली, "ये, पन भाषन देऊ नोको." कारणही सांगितलं. मुलगा नितीन नोकरीला नागालँडात, दिमापूरला आहे, तिथल्याच आसेनलाशी त्यानं लग्न केलं. आणि तिकडचे लोक कुत्रं खातात, ही बातमी सुनेच्या आधीच गावात पोचली होती.

नागपूरहून छिंदवाड्याकडे जाणारी कुठलीही बस सौंसरला सोडते, भाडं शंभराच्या आसपास. सावनेर मागे पडलं की वेचून झालेली कापसाची शेतं लागतात, मग संत्र्याच्या बागा. सौंसरच्या स्टँडवर पाट्या हिंदीत आणि भांडणं मराठीत. तर्री-पोहे तिथंच खाऊन घ्या, गावात दुपारची पंगत नेहमी उशिरा बसते.

जेवण वासुदेवच्या संत्र्याच्या बागेत होतं. फाटकाशी शेजारी ओरडला, "वासुभाऊ, शेरूले बांधून ठेवा बावा! सून भुकेली आली असंन!" चारचौघे हसले. शेरू हा घरचा पिवळा कुत्रा, तो आसेनलाच्या पायाशीच लोळत होता. तिला मराठी येत नव्हती, पण बोट कुणाकडे होतं ते तिनं पाहिलं.

चुलीजवळ वासुदेवची बायको, शोभावहिनी, तिला खुणा करकरून पढवत होती, "पांढुर्ण्याची आत्या विचारतीनच. 'कभी नहीं खाया' म्हन. समजलं?" वत्सलाआत्या म्हणजे वासुदेवची थोरली बहीण. पहिल्या पंगतीत नवी सून वाढते, तिच्या हातचं आत्या जेवली की सारी भावकी जेवते. नाही जेवली, तर हीच सून पुढं प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात पंगतीबाहेर उभी राहणार होती.

माझं मत लपवत नाही. माझ्याकडे कुत्री आहे, मी कुत्रं खाणार नाही, इतरांनी खाऊ नये असंही मला वाटतं. पण ताटात काय आहे यावरून माणसाची पायरी ठरवणं मला त्याहून घाण वाटतं. याच तालुक्यातल्या बौद्ध वस्तीत जा, तिथल्या म्हाताऱ्यांच्या आजोबांना याच मापानं मोजून गावाबाहेर बसवलं होतं.

पंगत बसली. आसेनला रश्श्याची बादली घेऊन आत्यापाशी आली. आत्यानं हिंदीतच विचारलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "तुमने कुत्ता खाया है क्या, बेटी?"

शोभावहिनीनं मान हलवून खूण केली. आसेनलानं ती पाहिली.

"हाँ, आत्याजी. एक बार. छोटी थी, बुखार था. दादाजी ने दिया था."

आत्यानं ताटावर हात आडवा धरला. मी उठू लागलो, तर वासुदेवनं खांदा दाबला, "बस लेका." पंगतीत कुणी घास उचलेना.

मग आत्या म्हणाली, "संत्रं दे. फळाले काई होत नाई."

न सोललेलं फळ कुणाच्याही हातून चालतं, ही जुनी पळवाट आहे. आसेनलाला ती कुठून ठाऊक असणार? तिनं बादली खाली ठेवली, संत्रं सोललं, शिरा एकेक काढल्या आणि मोकळ्या फोडी तळहातावर पुढं धरल्या. आत्यानं त्या हाताकडं पाहिलं. मग फोडी घेतल्या, पदरात बांधल्या आणि न जेवता उठली. तिच्यामागं निम्मी पंगत उठली.

दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याची बस धरली. तिथून नागपूरला रेल्वे मिळते, परतीला ही वाट चांगली. खिडकीशी वत्सलाआत्या बसलेली.

"त्या पोरीनं खोटं बोलायचं होतं का?" मी विचारलंच.

"बोलली असती तं मी पोटभर जेवली असती," आत्या म्हणाली. "मंग मांगून समजलं असतं, तं जनमभर तिच्या हातचं पानी नसती प्याली."

मोहगावच्या पुढं तिनं पदराची गाठ सोडली. फोडी चेपून गेल्या होत्या. तिनं एक खाल्ली, मग सगळ्या. मला विचारलंही नाही.

"काल का नाही खाल्ल्या?"

"काल सारे माह्या तोंडाकडं पाहून राहिले होते." तिनं पदरानं बोटं पुसली. "वासूले सांगजो, होळीले पोरीले माह्या घरी धाड म्हन. पुरनपोळी तिच्या हातानं वाढू दे. मटन मात्र मीच शिजवीन."

घरी आलो. न केलेलं भाषण अजून जसंच्या तसं पाठ आहे. एका म्हातारीनं चेपलेल्या फोडी खाल्ल्या म्हणून माझा एकही मुद्दा खोटा ठरत नाही, आणि उठलेली निम्मी पंगत अजून उठलेलीच आहे. वासुदेवला फोन लावून निरोप दिला, तेवढ्यात शोभावहिनीनं फोन हिसकावला.

"भाऊजी, कोनत्या होळीले? याच?"

आत्यानं ते सांगितलं नव्हतं.

"याच," मी म्हणालो.