बसायला न आलेली बाई

रास अल खैमाच्या खाडीत तिवरांमध्ये अडकलेला कचरा काढायला आमच्या ऑफिसची बस गेली होती. तिथे ती चिनी बाई भेटली. साठी उलटलेली असावी. तिच्याबरोबरचे प्रवासी दुबईच्या मॉलमध्ये फिरत होते आणि ही एकटीच टॅक्सी करून आमच्यात आली होती. संयोजकाने तिला सावलीत खुर्ची दिली. तिने मान हलवली, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि सरळ चिखलात उतरली.

मुळांमध्ये मासेमारीचं एक जुनं जाळं रुतलं होतं. ओढून ओढून आम्ही दमलो.

"खलास, राहू दे! यल्ला, चला, बस निघतेय," संयोजक ओरडला. सगळे वर आले. ती ओढतच राहिली.

मला राहवलं नाही. "मॅडम, यू आर ऑन हॉलिडे. व्हॉट डू यू गेट फ्रॉम धिस?"

तिने फोन काढला, त्यात चिनीत काहीतरी बोलली आणि भाषांतर मला ऐकवलं. "रिटायर झाल्यापासून घरचे मला नुसतं बसवून ठेवतात. सून भाजीची पिशवीसुद्धा उचलू देत नाही. मी इतक्या लांब बसायला आलेली नाही."

मी बूट काढून पुन्हा चिखलात उतरलो. बसचा हॉर्न वाजला. तिने मागे न बघता, थांब म्हणून हात वर केला.

जाळं एकदम सुटलं आणि आम्ही दोघंही चिखलात आपटलो. तिला उठवायला मी घाईने हात पुढे केला, तर ती माझ्याआधीच उभी होती.