दोन फणसांचं वजन

किसोजो गावच्या केळी-डेपोवर नबुकीरा काम करते. गावातल्या बायका डोक्यावरून, सायकलवरून हिरव्या मटोकेचे, म्हणजे रांधायच्या केळ्यांचे, घड आणून टाकतात. ते उतरवून घ्यायचे, तोलायचे, लॉरीत भरायचे आणि लॉरी कंपालाच्या बाजाराला लावून द्यायची, हे तिचं काम. लग्नाआधीपासून ती हेच करत होती आणि नवरा गेल्यावरही करत राहिली. तिला कुणी हुशार म्हटल्याचं माझ्या कानावर नाही. हट्टी मात्र सगळं गाव म्हणायचं, आणि त्यात कुणाची चूक नव्हती.

त्या वर्षी डेपोची जुनी डिझेलची लॉरी बसली ती बसलीच. बाहेरचे लॉरीवाले त्यांची मर्जी असेल तेव्हा यायचे, नाहीतर नाही. हिरव्या मटोकेला गिऱ्हाईक असतं, पण एकदा पिवळी पडायला लागली की ती रांधायला कोण घेणार? रस्त्याच्या कडेला घडांचे ढीग पिवळे पडत पडून राहायचे आणि घड आणणाऱ्या बायका नबुकीराच्या तोंडाकडे बघायच्या. तिला ते बघणं सहन होत नसे. ती दुसऱ्या वाटेनं घरी जाऊ लागली.

अशात बातमी आली की कंपालाच्या एका विद्यापीठात समर स्कूल भरणार आहे. कमी धूर, कमी नासाडी करून माल कसा न्यायचा आणि त्यासाठी नवी यंत्रं कशी वापरायची, हे तिथं शिकवणार होते. विद्यार्थ्यांबरोबर डेपोवरची माणसंही घेणार होते. शेवटी प्रत्येकानं विजेवर चालणाऱ्या लॉरीतून आपल्या डेपोचा माल कंपालाला आणून दाखवायचा, आणि ज्याची खेप सगळ्यात चांगली होईल त्याच्या डेपोला ती लॉरी वर्षभर वापरायला मिळणार. डेपोच्या प्रमुख जाजा नालोंगो. जाजा म्हणजे आजी, आणि नालोंगो म्हणजे जुळ्यांची आई. आमच्याकडे हा मान फार मोठा. त्यांनी सभेत कुणाला विचारलंच नाही. "नबुकीरा जाईल," एवढं म्हणाल्या आणि उठल्या.

शिकवायला डॉक्टर ओपियो होते. उंच, उत्तरेकडचे, हसले तरी दुसऱ्याला पत्ता लागू नये असे. पहिल्याच दिवशी नबुकीरानं हात वर केला. आमच्याकडे पुरुषाला मानानं सेबो म्हणतात, बाईला न्याबो.

"सेबो, समर म्हणजे काय?"

"युरोपातला उन्हाळा."

"मग तो इथं कशाला आलाय?"

"शाळेचा खर्च तिकडून येतो, न्याबो. ऋतूही तिकडचाच आला."

वर्ग हसला, पण नबुकीराचं हसणं तिथंच संपलं. पहिले काही दिवस सगळं तिच्या डोक्यावरून गेलं. इंग्रजी तिनं शाळा सोडली तेव्हाच सोडलं होतं. लॅपटॉपच्या पडद्यावरचा बाण तिनं पूर्वेला न्यावा तर तो पश्चिमेला पळायचा. शेजारची पोरं पटापट बोटं चालवायची आणि ती मात्र अजून बटण शोधत असायची. जेवणाच्या सुट्टीत ती एकटी वर्गात बसून राही, सकाळी चुकलेलं पुन्हा करी, पुन्हा चुकवी आणि पुन्हा करी. ओपियो एकदा चष्मा न्यायला परत आले तेव्हा ती पडद्याला शिव्या देत होती. त्यांनी ऐकलं, चष्मा घेतला आणि गेले.

शेवटी तिच्या डोक्यात गोष्टी बसू लागल्या. बॅटरी तिघं मिळून खातात: ओझं, वेग आणि चढ. घडाचा फालतू दांडा छाटला तर तेवढं ओझं कमी होतं आणि शहरात तेवढा कचराही कमी. मालाच्या मधोमध तापमान सांगणारं छोटं यंत्र ठेवलं तर आतला घड तापायला लागलाय हे वेळेत कळतं. येताना रिकामी लॉरी पळवणं म्हणजे अर्धी वीज रस्त्यावर ओतणं. हे कळलं त्या दिवशी तिला आपल्या जुन्या लॉरीच्या सगळ्या रिकाम्या खेपा आठवल्या आणि जेवण गेलं नाही.

मग तिनं पहिला आराखडा करून दाखवला. कुठल्या मळ्यावर लॉरी किती थांबणार, सगळं नीट मांडलेलं. ओपियोंनी तो बघितला.

"तुमच्या गावात बायका भेटल्यावर गुडघे टेकतात ना?"

"टेकतात की."

"घरच्यांची, गुरांची, पिकांची चौकशी करतात?"

"न करून कसं चालेल?"

"मग तो वेळ कुठाय? तुमची लॉरी तर घड उचलून चोरासारखी पळतेय."

नबुकीरानं कपाळाला हात लावला. जन्मभर केलेली गोष्ट, आणि ती करायला वेळ लागतो हेच तिच्या ध्यानात आलं नव्हतं. तिनं आराखडा पुन्हा केला.

परीक्षेच्या खेपेला ओपियो स्वतः किसोजोला आले. लॉरी पांढरी, आवाज न करणारी. लुताया ड्रायव्हर डिझेलच्या खडखडाटात म्हातारा झालेला. तो आत बसला आणि म्हणाला, "चालू झाली का नाही, हे कळायचं कसं?" नबुकीरानं घड उभे रचून घेतले, दांडे छाटून घेतले, खाली पानांचा थर दिला. एकेक घड काट्यावर चढला, आकडा फोनमध्ये गेला. जेवढं ठरलं होतं तेवढंच, एक फणीही जास्त नाही. तिनं तो आकडा अभिमानानं पुन्हा एकदा वाचला.

तोवर जाजा नालोंगो पाहुण्यांशी बोलत बसल्या होत्या.

"ओपियो म्हणजे काय हो तुमच्याकडे?"

"जुळ्यांत जो पहिला जन्मतो त्याचं नाव, जाजा. दुसरा ओचेन."

जाजांचा चेहरा उजळला. "म्हणजे तुम्ही जुळ्यांतले. आणि मला आत्ता सांगताय होय?"

आमच्याकडे जुळ्यांतल्या एकाला कधी एकट्याचं देत नाहीत. दुसरा समोर नसला तरी त्याचंही द्यायचं, नाहीतर तो रुसतो आणि रुसलेलं जुळं घराला भोवतं. जाजांनी हाक दिली आणि बायका पळाल्या. नबुकीरा फोन लॉरीच्या यंत्राला जोडत होती तेवढ्यात मागच्या बाजूला पाहुण्याची भेट चढली: मोठाले दोन घड, दोन फणस, दोन कोंबड्या, रताळ्यांची दोन पोती, आणि जुळ्यांच्या नावानं आणखी काय काय. नबुकीरानं हे डोळ्यांनी पाहिलं. पाहिलं आणि खूश झाली, गावानं पाहुण्याला रिकाम्या हातानं जाऊ दिलं नाही म्हणून. भेट म्हणजे ओझं, असं आमच्यात कुणाच्या डोक्यात यायचंच नाही.

लुकाया गावाच्या अलीकडे तिनं पडद्याकडे बघितलं. बॅटरीची रेघ आखलेल्या रेघेच्या खूप खाली गेली होती.

"हळू चालव."

"हळूच चालवतोय," लुताया म्हणाला. "पण वजन बघ ना, जास्त दाखवतंय. यंत्र बिघडलं असणार."

तेवढ्यात मागून एक कोंबडी ओरडली.

नबुकीरानं लॉरी बाजूला घ्यायला लावली. खाली उतरून मागं गेली, आणि फणसांकडे बघत उभी राहिली. एवढं शिकून, एवढं सगळं मांडून, पुन्हा तीच चूक. तिला स्वतःचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. पुढं दलदलीचा लांब रस्ता होता आणि त्यानंतर म्पिगीकडचे चढ. या ओझ्यानं लॉरी चढावरच उभी राहणार होती आणि मग वर्षभरासाठी ती किसोजोला मिळणार नव्हती.

"टाकून देऊ," लुताया म्हणाला. "इथं फणस खायला माकडं काय कमी आहेत?"

"जाजांचे फणस माकडांना घालू? तू जाऊन सांगशील त्यांना?"

लुतायानं कानांवर हात ठेवले. तिनं ओपियोंकडे पाहिलं. ते म्हणाले, "मी परीक्षक आहे. मला काही बोलायची परवानगी नाही."

मग तिनं जाजांनाच फोन लावला.

"जाजा, तुमच्या भेटीनं लॉरी जड झालीय. उतरवून ठेवू का कुणाकडे?"

"मला काय विचारतेस? दिलं ते दिलं. आता ते त्याचं आणि त्याच्या भावाचं. जिथं तो तिथं ते." जाजांनी फोन ठेवून दिला.

नबुकीरानं रस्त्याकडे बघितलं. कंपालाकडे जाणारी एक चौदा आसनी टॅक्सी गिऱ्हाइकांना हाका मारत होती. नबुकीरा ओपियोंकडे वळली.

"सेबो, तुमचं वजन किती असेल?"

"का?"

"उतरा खाली."

ओपियो जागचे हलले नाहीत. "मी लॉरीत नसेन तर तपासणार काय?"

"तुम्हीच शिकवलंत, माणसाच्या डोळ्याला चकवता येतं, यंत्राला नाही. वजन, वेग, बॅटरी, सगळं तुमच्या फोनवर दिसतंय. टॅक्सीत बसून बघा. जाजांनी दिलेलं तुमच्याबरोबर राहिलं पाहिजे, आणि तुम्ही आणि ती भेट, दोन्ही माझ्या लॉरीत राहून चालणार नाही. मी हात जोडते, सेबो, पण उतरा."

परीक्षकाला भर रस्त्यात उतरवणं म्हणजे आपल्या हातानं आपलं नाव खोडणं, हे तिला कळत होतं. तरी तिनं स्वतः फणस उचलून टॅक्सीत ठेवले. एक ओपियोंच्या मांडीवर, कारण दुसरीकडे जागाच नव्हती. टॅक्सीवाला कोंबड्यांचं वेगळं भाडं मागू लागला. तिनं त्याच्याकडे असं बघितलं की तो गप्प बसला.

टॅक्सी गेल्यावर तिनं फोन काढला आणि खेपेच्या नोंदीत सावकाश एकेक अक्षर शोधत लिहिलं: पाहुण्याची भेट वजनात धरली नव्हती. चूक माझी. पाहुणा आणि भेट लुकायाहून पेट्रोलच्या गाडीनं पाठवली. तो धूर माझ्याच नावावर धरा.

"हे कशाला लिहिलंस?" लुताया म्हणाला. "कुणाला कळलं असतं?"

"मला कळलं असतं. चालव."

त्या दलदलीच्या रस्त्यावर लुतायाच्या अब्रूचं खोबरं झालं. ट्रक भोंगे वाजवत पुढं गेले, बस गेल्या, दुधाचे कॅन बांधलेली मोटरसायकल गेली आणि तिच्यावरच्या माणसानं वळून हात हलवला. "त्याला तरी गाठू दे," लुताया काकुळतीला आला. नबुकीरा नको म्हणाली. उताराला ब्रेक अलगद दाबायला लावून तिनं बॅटरीत थोडी थोडी वीज परत घेतली. म्पिगीच्या चढाला पडदा लाल झाला. लुताया देवाचं नाव घेऊ लागला. ती पुढच्या काचेला हात टेकून बसली होती, जणू हातानंच लॉरी ढकलत होती. लॉरी रांगत रांगत वर आली.

कंपालातल्या कालेर्वेच्या बाजारात ती पोचली तेव्हा बॅटरीत नावापुरती वीज होती. घड हिरवेगार होते, एकालाही डाग नव्हता. फाटकाशी ओपियो उभे होते. त्यांच्या पँटला फणसाचा चीक लागला होता.

निकाल त्यांनी वर्गात, सगळ्यांसमोर सांगितला. काही लॉऱ्या वाटेतच थांबल्या होत्या. बाकीच्या पोचल्या, पण यंत्रातलं वजन आणि नोंदीतलं वजन एकीचंही जुळत नव्हतं. "मी सगळ्यांना विचारलं," ओपियो म्हणाले. "तर कळलं, परीक्षकाला दिलेल्या भेटी सगळीकडेच चढल्या होत्या. लिहिल्या फक्त एकीनं. तिच्या नावावर टॅक्सीचं पेट्रोल धरलं, तरीही लॉरी किसोजोला जाईल." मग त्यांनी अट सांगितली. यापुढं लॉरीत जे चढेल ते काट्यावर चढून, भेटसुद्धा. एका खेपेत जरी वजन जुळलं नाही तरी लॉरी पुढच्या डेपोला.

लॉरी मिळाली म्हणून नबुकीरा रडली, आणि परतीच्या वाटेवर, डेपोसाठी खताची पोती भरून येताना, अटीच्या विचारानं तिला धड आनंदही होईना. आमच्याकडे विकायचं ते तोलतात. द्यायचं ते तोलणारा माणूस अजून जन्मला नव्हता.

ती जाजांच्या अंगणात गेली आणि गुडघे टेकून सगळं सांगितलं. भोवती बायका जमल्या होत्या. जाजा भडकल्या.

"माझ्या दारी आलेल्याला मी काय दिलं, ते तू काट्यावर घालणार? उद्या माझा आशीर्वाद पण तोल."

"आशीर्वाद जड नसतो, जाजा. फणस असतो."

कुणी हसलं नाही. जाजांनी तोंड फिरवलं. रीत अशी की मोठ्यांनी तोंड फिरवलं की धाकट्यानं उठून जायचं. नबुकीरा उठली नाही. तिचे गुडघे मातीत रुतले होते, ती तशीच राहिली.

"तुम्ही नाही म्हणा, जाजा. तुम्ही एकदा नाही म्हणालात की मी उठते आणि लॉरी परत लावून देते. पण ते तुमच्या तोंडून ऐकल्याशिवाय मी उठायची नाही."

मग जाजा काठी टेकत उठल्या, घरामागं गेल्या आणि केळीच्या बागेतून एक घड फरफटत घेऊन आल्या. बायका मदतीला धावल्या, तर त्यांना काठीनं मागं सारलं. घड अंगणातून रस्त्यापर्यंत आणि तिथून डेपोपर्यंत त्यांनी स्वतः ओढला आणि काट्यावर टाकला.

"हा लुतायाला. एवढी हळू लॉरी चालवायला मन मोठं लागतं," जाजा म्हणाल्या. "तोल. आणि आकडा मोठ्यानं सांग."

"मोठ्यानं कशाला, जाजा?"

"जन्मभर देत आले. किती दिलं ते कधी कुणाला कळलं नाही, मलाही नाही. कळू दे की."

नबुकीरानं काट्याकडे बघितलं. आकडा दिसत होता, पण दिलेल्याचा आकडा मोठ्यानं सांगायची तिला सवय नव्हती. तिनं तो हळूच सांगितला.

"ऐकू आलं नाही," जाजा म्हणाल्या. "पुन्हा सांग."